पुलगाव–आर्वी, मार्गे रोहणा

पहिल्या दिवशी उकंडाकाकांनी बस सुरू केली
आणि विरूळच्या अलीकडे, मोकळ्या रस्त्यावर, ब्रेक दाबला.
काय झालं, मी विचारलं.
"रंभाबाई हात दाखोते अठी."
स्क्रीनवर डांबर होतं, आभाळ होतं,
बाभळीचं एकच झाड चारशे वेळा लावलेलं होतं.
रंभाबाई नव्हती.

सेतू केंद्र सातला बंद होतं. त्यानंतर
तोच कॉम्प्युटर, टेबलाला आवळलेलं सेकंडहँड स्टिअरिंग,
आणि एकतीस वर्षं आर्वी डेपोत काढलेला माणूस
चप्पल बाजूला सारून
पेडलवर अनवाणी पाय ठेवतो.

मी रंभाबाई केली. हिरवं लुगडं, ताकाची कॅन.
दुसऱ्या दिवशी काका म्हणाले,
"कालच तर उतरून देल्ली तिले आर्वीले.
आज पुन्हा तठीच उभी, कॅन भरलेली.
वापस कवा आली थे? कोन्त्या गाडीनं?"

त्या रात्री मी 'काल' नावाची फाईल उघडली.

कोण कुठे उतरलं, कोणाचे सुटे पैसे राहिले,
रोहण्याच्या वळणावरचा खड्डा
किती चाकांनी किती खोल नेला.
कापसाच्या गाड्या जातात तेव्हा
बाभळीच्या काट्यांना पुंजके अडकतात,
कार्तिकात दोन-चार, पौषात सगळी फांदी पांढरी,
मग चिमण्या नेतात.
चिमण्यांवर माझे आठ दिवस गेले.
काकांनी त्या पाहिल्याही नाहीत.
म्हणाले, "हॉर्न जरा बसका कर. इतका गोड नव्हता."

पण हापशीवरचं पोरगं त्यांनी ओळखलं.
बसला हात हलवतं ते; मी दर महिन्याला
त्याला अर्ध्या बोटानं वाढवत होते, कोणाला न सांगता.
"याचं हाफ तिकीट बंद आता," काका म्हणाले,
आणि गिअर टाकला.

लाईट जाते. तीन-तीन तास.
यूपीएस किंचाळून गप्प होतो.
आली की माझं जग आधी मागची बाकी चुकती करतं:
सूर्य खाली सरकवतं, म्हशी घरी नेतं,
धनोडीची शाळा एका दमात सोडतं.
तेवढं मिनिटभर स्क्रीन काळी.
काका खिशात बिडी चाचपतात.

माघात ते लेकीकडे गेले, राजुऱ्याला. बारा दिवस.
मी जग थांबवून ठेवू शकले असते.
नाही ठेवलं.

आले, किल्ली फिरवली. काचेवर धूळ.
वायपरनं पुसलं तेवढंच दिसू लागलं.
विरूळच्या अलीकडे ब्रेक.
कोणी नाही.
मी जरा घाबरतच सांगितलं,
तीन दिवस वाट पाहिली तिनं, काका.
चौथ्यापासून काळी-पिवळीनं जाते.
काका स्टिअरिंग धरून बसले. इंजिन घरघरत होतं.
वाटलं, आता म्हणतील, आण तिला परत.
"बरोबर हाय," ते म्हणाले.
"ताक आंबते ना वं."

रोहण्याच्या पुढे नॅरोगेजचे रूळ रस्ता ओलांडतात.
आगगाडी कधीची बंद; मी नुसते रूळ ठेवलेत,
मधे तरोटा माजलेला.
काका तिथं बस उभी करतात, दर खेपेला.
मान उजवीकडे, मग डावीकडे.
उजवीकडे सेतूची भिंत, दाखल्यांचे दर,
डावीकडे मी.
गाडी येणार नाही, काका.
"मालूम हाय."
मग पहिला गिअर.

कॉम्प्युटरला एवढंच कळतं:
वेग शून्य, सात सेकंद.
दिवाळीत पाच होते.
तेही मी लिहून ठेवलं आहे.